बॉबी ऑर : बचावपटूच्या कामाची व्याख्या बदलणारा आइस हॉकीपटू

आइस हॉकीच्या इतिहासात बचावपटूने नेमके काय करावे याविषयीची समजूत ज्या एका खेळाडूमुळे कायमची बदलली, ते म्हणजे कॅनडाचे रॉबर्ट गॉर्डन ऊर्फ बॉबी ऑर. १९६६ ते १९७८ या काळात ते उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक स्पर्धेत खेळले. गोल अडवणे एवढेच ज्याचे कर्तव्य मानले जाई, त्या जागेवरून खेळत त्यांनी संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा मान दोनदा पटकावला. आजवर दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला हे एकदाही साधलेले नाही. मात्र वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांना निवृत्त व्हावे लागले. त्या वेळी त्यांचा डावा गुडघा निकामी झाला होता आणि आयुष्यभराच्या कमाईपैकी हाती जवळजवळ काहीच उरले नव्हते. म्हणूनच त्यांच्या चरित्रात अद्वितीय कर्तृत्वाच्या नोंदीबरोबरच, व्यावसायिक खेळाडूचे शरीर आणि पैसा यांची राखण कोणी करायची, हा प्रश्नही आहे.

खेळ आणि बचावपटूची जागा

गोमंतकीय वाचकाला फुटबॉलमधील बचावफळी नवी नाही. महेश गवळी, समीर नाईक यांच्यासारखे बचावपटू गोव्याने देशाला दिले आहेत. आइस हॉकीतील बचावपटूचे काम त्याच जातीचे असले, तरी त्याचा वेग आणि स्वरूप वेगळे आहे. एनएचएलचे बर्फाचे मैदान सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते व त्याच्या चारही बाजूंना कठडे असतात. प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी मैदानात उतरतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. चेंडूऐवजी कडक रबराची एक चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तीन इंच व्यासाच्या आणि एक इंच जाडीच्या या चकतीचे वजन सुमारे १७० ग्रॅम असते. वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत सामना खेळला जातो. खेळाचा वेग इतका असतो की खेळाडू साधारणपणे मिनिटभरापेक्षा कमी काळ बर्फावर राहतो, बाकावर परततो आणि त्याची जागा दुसरा घेतो.

गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो. त्याआधी चकती पुढे सरकवणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांनाही गोलसाहाय्याचा एकेक गुण मिळतो. त्यामुळे गुणतालिकेच्या शिखरावर नेहमीच आघाडीपटू असत. बचावपटूने आपल्या गोलसमोर उभे राहावे, प्रतिस्पर्ध्याला अंगाने रेटून कठड्याकडे ढकलावे, चकती मिळताच ती पुढच्यांच्या हवाली करावी आणि आपली जागा सोडू नये, अशी शिस्त होती. चकती घेऊन पुढे जाणारे बचावपटू ऑर यांच्यापूर्वीही झाले होते. परंतु संपूर्ण सामन्याची सूत्रे त्या जागेवरून हलवता येतात, हे दाखवले ते ऑर यांनीच.

भारतात हा खेळ प्रामुख्याने लडाखमध्ये रुजला. तेथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तो खेळला जातो. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे सदस्यत्व भारताला १९८९ मध्ये मिळाले. भारतीय महिला संघ २०१६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरत असून २०२५ च्या महिला आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवले.

बालपण : गोठलेल्या नदीवरची शाळा

ऑर यांचा जन्म २० मार्च १९४८ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील पॅरी साउंड या लहानशा गावी झाला. ह्युरॉन सरोवराचाच भाग असलेल्या जॉर्जियन उपसागराच्या काठी हे गाव वसले आहे. गोव्यातील वाचक असो वा सुरतच्या लिंबायतमध्ये स्थायिक झालेला खानदेशी मराठी वाचक, मांडवी किंवा तापी हिवाळाभर गोठून राहील आणि मुले तिच्यावर खेळायला उतरतील, ही कल्पना त्याला परकीच वाटेल. पॅरी साउंडमध्ये मात्र सेग्विन नदी आणि उपसागराचा गोठलेला काठ हेच मुलांचे मैदान होते. तेथे ना पंच असे, ना संघांची ठरावीक संख्या. दहा-वीस मुलांच्या घोळक्यात चकती एकच, आणि जो ती स्वतःजवळ टिकवील त्यालाच खेळायला मिळे. गर्दीतून वाट काढण्याचे आणि चकतीवर ताबा ठेवण्याचे जे कौशल्य पुढे जगाने पाहिले, त्याची पायाभरणी येथे झाली.

वडील डग ऑर स्फोटकांच्या कारखान्यात कामगार होते. आई आर्व्हा यांच्या पाच अपत्यांपैकी बॉबी तिसरे. डग स्वतः उत्तम हॉकी खेळत, परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नौदलात दाखल झाले आणि व्यावसायिक खेळाची संधी मागे पडली. गावात लहान वयोगटाच्या संघाला मार्गदर्शन करणारे बको मॅकडोनल्ड हे एनएचएलमधील माजी बचावपटू व कॅनडाचे माजी खासदार होते. बॉबी अंगाने किरकोळ आणि वेगाने चपळ असल्याने त्यांना आघाडीला खेळवावे, असे अनेकांचे मत होते. मॅकडोनल्ड यांनी त्यांना बचावातच ठेवले, पण चकती घेऊन पुढे धावण्यापासून कधी अडवले नाही. मागे उभे राहिल्याने सगळे मैदान डोळ्यांसमोर राहते आणि वेग असल्याने वाटेल तेव्हा पुढे जाता येते, हा दुहेरी लाभ त्या निर्णयातून मिळाला.

चौदाव्या वर्षी करारबद्ध

१९६१ मध्ये ओंटारिओतील गॅनानॉक या गावी कुमारांच्या एका स्पर्धेत बॉस्टन ब्रुइन्स संघाचे अधिकारी दुसऱ्याच दोन मुलांची पारख करण्यासाठी गेले होते. तेथे त्यांची नजर पॅरी साउंडच्या ठेंगण्या बचावपटूवर खिळली. त्यानंतर संघाचे प्रतिनिधी रेन ब्लेअर यांनी ऑर कुटुंबाच्या घरी वारंवार फेऱ्या मारल्या आणि १९६२ मध्ये, चौदाव्या वर्षी, बॉबी बॉस्टनशी करारबद्ध झाले.

त्या काळातील पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. एनएचएलमधील संघ अल्पवयीन मुलांकडून एक अर्ज भरून घेत. पालकांच्या सहीने भरलेल्या त्या अर्जामुळे मुलाच्या व्यावसायिक कारकिर्दीवर त्या एकाच संघाचा हक्क प्रस्थापित होई. ऑर कुटुंबाला त्याबदल्यात काही रोख रक्कम, गाडीचे आश्वासन आणि घराच्या बाहेरील भिंतींना नवा गिलावा एवढे मिळाले. पुढे ज्या खेळाडूमुळे बॉस्टनचे प्रेक्षागृह ओसंडून वाहिले, त्याची किंमत आरंभी एवढी ठरली होती.

करारानंतर ते ओशावा जनरल्स या कनिष्ठ गटातील संघाकडून खेळू लागले. पहिल्या हंगामात ते पॅरी साउंडलाच राहून शाळेत जात आणि सामन्यांपुरते प्रवास करीत. चौदा वर्षांचा हा मुलगा एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणांशी झुंजत होता.

बॉस्टनमधील दशक

१९ ऑक्टोबर १९६६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध ऑर यांनी एनएचएलमध्ये पदार्पण केले. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते आणि ब्रुइन्स त्या हंगामात तळाला राहिले. संघ हरत होता, तरी ऑर यांना सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा कॅल्डर करंडक मिळाला. पुढच्या हंगामापासून सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यांच्याकडे आला. १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे तो त्यांच्याकडेच राहिला.

१९६९-७० चा हंगाम त्यांच्या कारकिर्दीचे शिखर मानला जातो. ३३ गोल आणि ८७ गोलसाहाय्य अशा १२० गुणांसह ते लीगमध्ये प्रथम आले. सर्वाधिक गुणांसाठीचा आर्ट रॉस, सर्वांत मोलाच्या खेळाडूसाठीचा हार्ट, सर्वोत्तम बचावपटूसाठीचा नॉरिस आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूसाठीचा कॉन स्मिथ हे चारही करंडक त्यांनी त्या एकाच हंगामात जिंकले. असे करणारे ते आजही एकमेव खेळाडू आहेत.

त्याच हंगामाच्या अखेरीस, १० मे १९७० रोजी, बॉस्टन गार्डनमध्ये स्टॅनले चषकाच्या अंतिम मालिकेतील चौथा सामना सेंट लुइस ब्लूजविरुद्ध रंगला. निर्धारित वेळेत ३-३ अशी बरोबरी झाली. अतिरिक्त वेळेच्या चाळिसाव्या सेकंदाला डेरेक सँडरसन यांच्याकडून आलेली चकती ऑर यांनी गोलरक्षक ग्लेन हॉल यांना चकवून जाळ्यात धाडली. त्याच क्षणी प्रतिस्पर्धी बचावपटू नोएल पिकार्ड यांच्या काठीत पाय अडकून ते हवेत फेकले गेले. दोन्ही हात पसरून आडव्या अंगाने हवेत झेपावलेले, चेहऱ्यावर आनंद असलेले ऑर यांचे ते दृश्य बॉस्टनच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार रे लुसिए यांनी टिपले. क्रीडाविश्वातील सर्वाधिक प्रसिद्ध छायाचित्रांत त्याची गणना होते. या गोलमुळे बॉस्टनला २९ वर्षांनी स्टॅनले चषक मिळाला. बरोबर ४० वर्षांनी, १० मे २०१० रोजी, याच मुद्रेतील ऑर यांच्या पुतळ्याचे अनावरण बॉस्टनच्या नव्या क्रीडागृहाबाहेर झाले.

१९७०-७१ मध्ये त्यांनी ३७ गोल आणि १०२ गोलसाहाय्य अशी १३९ गुणांची कमाई केली. बचावपटूने एका हंगामात मिळवलेल्या गुणांचा आणि गोलसाहाय्याचा हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. त्या वर्षीचा आणखी एक आकडा जाणकारांना अधिक महत्त्वाचा वाटतो. समसमान संख्येच्या खेळात, खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाने किती गोल केले आणि किती पत्करले, यातील फरकाला ‘अधिक-उणे’ म्हणतात. त्या हंगामात ऑर यांचा हा फरक अधिक १२४ होता. तोही विक्रम कोणाला मोडता आलेला नाही. आक्रमणासाठी पुढे जाणारा बचावपटू मागची बाजू उघडी टाकतो, या जुन्या आक्षेपाला या एका आकड्याने उत्तर मिळाले.

१९७२ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सना हरवून बॉस्टनने पुन्हा स्टॅनले चषक जिंकला. विजय निश्चित करणारा गोल याही वेळी ऑर यांचाच होता आणि कॉन स्मिथ करंडकही. १९७० ते १९७२ अशी तीन वर्षे हार्ट करंडक त्यांच्याकडे होता. १९७४-७५ मध्ये ४६ गोलांसह १३५ गुण मिळवून त्यांनी दुसऱ्यांदा आर्ट रॉस करंडक पटकावला. ४६ गोलांचा हा बचावपटूचा विक्रम पुढे १९८५-८६ मध्ये पॉल कॉफी यांनी मोडला, परंतु त्याच हंगामात कॉफी १३८ गुणांवर थांबले. ऑर यांच्या विक्रमापेक्षा एकच गुण कमी!

खेळाची शैली

ऑर यांच्या खेळाचे मर्म वेगबदलात होते. आपल्या गोलमागून चकती घेऊन ते सावकाश निघत, मैदानाचा अंदाज घेत आणि समोरचा खेळाडू जवळ येताच एकाएकी वेग वाढवून त्याच्या बाजूने निसटत. चकती गमावलीच, तर सर्वांच्या आधी मागे परतून ती हिसकावून घेण्याइतका वेग त्यांच्यापाशी होता. संघात एक खेळाडू कमी असताना ते चकती स्वतःजवळ ठेवून, गोल गोल फिरून वेळ खर्ची घालत. पायमोजे न घालता उघड्या पायांनीच बूट चढवण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती.

त्याच सुमारास युरोपच्या फुटबॉलमध्ये फ्रान्झ बेकेनबाउअर बचावफळीच्या मागून चेंडू घेऊन पुढे येत होते आणि जर्मनीचा खेळ तेथून रचत होते. दोन निरनिराळ्या खेळांत, जवळपास एकाच काळात, बचावपटूला रचनाकाराचे स्थान मिळाले. आज एनएचएलमधील प्रत्येक संघ आक्रमण घडवणारा एक तरी बचावपटू शोधत असतो. ती जागा ऑर यांनी निर्माण केली.

गुडघा

या शैलीची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. सतत चकती घेऊन पुढे जाणारा खेळाडू सतत धडका खातो. पहिल्याच हंगामात गुडघ्याला झालेल्या दुखापतीपासून जे दुष्टचक्र सुरू झाले, त्यात पुढील दहा-बारा वर्षांत त्यांच्या डाव्या गुडघ्यावर दहाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून केली जाणारी शस्त्रक्रिया तेव्हा रूढ झालेली नव्हती. गुडघा उघडून फाटलेली कूर्चा काढून टाकणे हाच उपाय होता. हाडांमधील ती गादी नाहीशी झाली की हाडावर हाड घासू लागे आणि त्यातून पुढची शस्त्रक्रिया अटळ ठरे.

१९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातील ऐतिहासिक मालिकेत ते याच कारणाने खेळू शकले नाहीत. १९७५-७६ च्या हंगामात त्यांना केवळ दहा सामने खेळता आले. तरीही सप्टेंबर १९७६ मध्ये पहिल्या कॅनडा चषक स्पर्धेत ते जवळजवळ एका पायावर देशासाठी उतरले. कॅनडाने ती स्पर्धा जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान ऑर यांना मिळाला. त्यांच्या खऱ्या अर्थाने मोठ्या खेळाचे ते अखेरचे दर्शन ठरले.

विश्वासाचा प्रश्न

ऑर यांच्या पहिल्या एनएचएल करारापासून त्यांच्या वतीने वाटाघाटी करीत होते टोरांटोचे वकील ॲलन ईगलसन. १९६६ मध्ये त्यांनी ऑर यांना नवोदित खेळाडूच्या दृष्टीने अभूतपूर्व मोबदला मिळवून दिला. संघमालकांसमोर खेळाडूने वकील उभा करणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. त्या यशाच्या बळावर १९६७ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि ईगलसन तिचे प्रमुख झाले. १९७१ मध्ये ऑर यांनी वर्षाला दोन लाख डॉलरप्रमाणे पाच वर्षांचा, म्हणजे एकूण दहा लाख डॉलरचा करार केला. एनएचएलच्या इतिहासातील तो पहिलाच.

ऑर यांचा ईगलसन यांच्यावर भावाप्रमाणे विश्वास होता आणि पैशांचे सर्व व्यवहार त्यांनी त्यांच्या हाती सोपवले होते. १९७६ मध्ये करार संपताच ऑर बॉस्टन सोडून शिकागो ब्लॅक हॉक्सकडे गेले. बॉस्टनला आपण नकोसे झालो आहोत, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बॉस्टनच्या मालकांनी त्यांना संघात सुमारे साडेअठरा टक्के मालकी देऊ केली होती. ऑर यांच्या म्हणण्यानुसार ही गोष्ट ईगलसन यांनी त्यांना कधीच समजावून सांगितली नाही. शिकागोच्या मालकांशी ईगलसन यांचे निकटचे संबंध होते, हे नंतर उघड झाले.

शिकागोत तीन हंगामांत मिळून ऑर केवळ २६ सामने खेळू शकले. मधला संपूर्ण हंगाम त्यांनी बाहेर बसून काढला. जे काम आपण केले नाही त्याचे वेतन घेणे योग्य नाही, या भूमिकेतून त्यांनी पगाराचे धनादेश वटवले नाहीत. ८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. एकूण ६५७ सामने, २७० गोल, ६४५ गोलसाहाय्य आणि ९१५ गुण अशी त्यांची कारकीर्द. तिन्ही बाबतींत ते त्या वेळी सर्व बचावपटूंच्या पुढे होते. १९७९ मध्ये बॉस्टनने त्यांचा चार क्रमांक कायमचा राखून ठेवला. तीन वर्षांच्या प्रतीक्षेची अट शिथिल करून त्याच वर्षी त्यांना हॉकीच्या सन्मान दालनात स्थान देण्यात आले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

सन्मानांच्या या वर्षातच त्यांना आपल्या आर्थिक स्थितीची खरी जाणीव झाली. थकलेले कर आणि देणी हिशेबात धरली, तर देणे मालमत्तेपेक्षा अधिक होते. १९८० मध्ये त्यांनी ईगलसन यांच्याशी संबंध तोडले. आपण फसवले गेलो, हे इतर खेळाडूंना पटायला मात्र आणखी दहा वर्षे जावी लागली. मॅसॅच्युसेट्समधील एका छोट्या दैनिकाचे क्रीडा संपादक रस कॉनवे यांनी ईगलसन यांच्या व्यवहारांचा चिकाटीने माग काढला. अखेर जानेवारी १९९८ मध्ये ईगलसन यांनी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतील न्यायालयांत फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. त्यांना दहा लाख कॅनेडियन डॉलरचा दंड आणि अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. सन्मान दालनात ईगलसन यांचे नाव राहणार असेल, तर आमची नावे काढून टाका, असा इशारा ऑर आणि इतर माजी खेळाडूंनी दिला. त्यानंतर ईगलसन यांना तेथून पायउतार व्हावे लागले.

उत्तरायुष्य

ऑर यांनी १९७३ मध्ये पेगी यांच्याशी विवाह केला. त्यांना डॅरेन आणि ब्रेंट हे दोन पुत्र आहेत. निवृत्तीनंतर जाहिराती आणि विविध कंपन्यांचे प्रतिनिधित्व करून त्यांनी हळूहळू आपली घडी पुन्हा बसवली. १९७९ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात ऑलिंपिक ध्वज वाहून नेणाऱ्या मान्यवरांत ते होते. पॅरी साउंडमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. २०१३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

त्यांनी पत्करलेला दुसरा व्यवसाय मात्र विशेष लक्षणीय आहे. ईगलसन प्रकरणातून बाहेर पडल्यानंतर, १९९० च्या दशकात, ऑर स्वतः खेळाडूंचे प्रतिनिधी झाले. ज्या कामामुळे त्यांचे आयुष्य जवळजवळ उद्ध्वस्त झाले होते, तेच काम त्यांनी तरुण खेळाडूंसाठी हाती घेतले. पुढे जगातील अग्रगण्य खेळाडू ठरलेला कॉनर मॅकडेव्हिड हाही त्यांच्या संस्थेच्या छत्राखाली वाढला.

व्यावसायिक लीगचे वारे आता भारतातही स्थिरावले आहे. फुटबॉल, कबड्डी, हॉकी या खेळांत विशी न गाठलेली मुले करारांवर सह्या करीत आहेत. करारातील कलमे कोण वाचतो, दुखापतीचा खर्च कोण उचलतो, खेळाडूच्या नावावर किती रक्कम साठते आणि त्याचा हिशेब त्याला कोण देतो, हे प्रश्न गोव्यातील मैदानांनाही लागू आहेत. ऑर यांच्यापाशी असाधारण प्रतिभा होती, प्रामाणिकपणा होता आणि कष्टांची तयारीही होती. त्यांच्यापाशी नव्हता तो आपल्याच कराराचा कागद स्वतः वाचण्याचा, किंवा दुसऱ्या एखाद्या तटस्थ माणसाकडून वाचून घेण्याचा परिपाठ. त्यांनी नंतरच्या पिढीला प्रतिनिधी या नात्याने तोच लावून दिला.